दादीच्या कांड्या आणि वर्ध्याची तालीम

मगरिबची नमाज झाली की आमच्या घरात रोज एक छोटी लढाई सुरू होते. एका बाजूला माझी साडेचार वर्षांची भाची, दुसऱ्या बाजूला तिची अम्मी आणि मध्ये चौकटीची वही. एक ते शंभर आकडे लिहून न्यायचे असतात. भाचीचा तीनचा आकडा हट्टाने उलटीकडे तोंड करून बसतो. भाभी खोडते, ती पुन्हा तसाच काढते. चौथ्यांदा खोडताना कागद फाटतो आणि मग रडारड. परवा रडता रडता ती म्हणाली, "माझी बोटं दुखतात." भाभी म्हणाली, "सगळ्यांचीच दुखतात."

हे उत्तर मला टोचले, कारण मीही ते दिलेले आहे. नागपुरात सत्तावीस वर्षे मी लहान मुलांना शिकवले आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षे तरी भरलेली वही म्हणजेच झालेला अभ्यास असे मी मानत होते. मुलाचे बोट खरेच दुखत असेल, हा विचार फार उशिरा आला.

ते खरेच दुखते. आपल्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती हाडे नसतातच, नुसती कूर्चा असते. एकेक करून ती पक्की होत जातात आणि आठही पुरी व्हायला मूल दहा-बारा वर्षांचे व्हावे लागते. साडेचार वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन शंभर चौकटी भरून घेणे म्हणजे ओल्या भिंतीवर छत टाकण्यासारखे आहे. त्या वयाच्या हाताला काम हवे असते, पण ते वेगळे. पीठ मळणे, शेंगा सोलणे, मोसंबीची साल काढणे, ओला फडका पिळणे, तांदळातले खडे वेचणे. या कामांनी बोटे तयार होतात आणि मग एक दिवस पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. फिनलंडसारख्या देशात मूल रीतसर शाळेत जाते ते सातव्या वर्षी, आणि तोवर त्याचे काही बिघडत नाही.

पण मला लिहायचे आहे ते फिनलंडबद्दल नाही. हाताने शिकवण्याची एक मोठी योजना आपल्या नागपूरपासून पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर, वर्ध्यात तयार झाली होती. ती लिहून काढणाऱ्या समितीचे अध्यक्ष एक मुसलमान शिक्षक होते, आणि त्या योजनेला सर्वांत मोठा विरोध ज्यांनी केला त्यांत आपली माणसेही होती. ही गोष्ट आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही.

त्याआधी माझ्या दादीबद्दल सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

आमचे घराणे मोमिनांचे, म्हणजे विणकरांचे. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडून, मऊ-आझमगढ, मुबारकपूर या बाजूने कितीतरी विणकर कुटुंबे दख्खनकडे निघाली. काही कामठीत थांबली, काही नागपुरात. मोमिनपुरा हे नाव त्यांच्यामुळेच. शहरात कोष्टी आणि हलबा विणकर आधीपासून होते, मोमिन येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि माग सुरू झाले. दादी सहा वर्षांची असताना रहाटावर कांड्या भरायला बसली. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची गुंडाळी. विणणाऱ्याचा हात थांबू नये म्हणून घरातल्या बायका-मुलांनी सतत कांड्या भरून द्यायच्या.

दादीला सही येत नव्हती. रेशन कार्डावर तिचा अंगठा आहे. पण सूत हातात घेऊन ते किती बारीक आहे हे ती न बघता सांगायची. अमक्या लांबीच्या लुगड्याला ताणा किती लागेल, बाणा किती लागेल, त्यात किती कांड्या जातील, तुटीसाठी किती जास्त धरायचे, हे सगळे ती तोंडी काढायची. व्यापाऱ्याचा मुनीम कागदावर करी तेव्हा हिचे उत्तर आधीच तयार असे. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या बाई आम्हाला शाब्दिक उदाहरणे घालत आणि मला ती येत नसत. दादी शेजारी बसून ऐकायची आणि उत्तर सांगायची. मी तिला म्हणायचे, "तुला काय कळतं, तू अनपढ आहेस." ती हसायची. आज ते आठवले की मला लाज वाटते.

वर्धा, ऑक्टोबर १९३७

१९३७ साली देशातल्या बऱ्याच प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, म्हणजे मंत्री इथेच बसत. सर्वांना शिक्षण द्यायचे तर पैसा कुठून आणायचा आणि शिक्षण कसले द्यायचे, हा प्रश्न आला. गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळच्या सेगावात राहत होते. तेच पुढे सेवाग्राम झाले. त्यांनी 'हरिजन'मध्ये लिहायला सुरुवात केली की मुलाचे शिक्षण एखाद्या उपयोगी हस्तोद्योगापासून सुरू झाले पाहिजे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले. अध्यक्षस्थानी गांधीजी होते.

तिथे दिल्लीहून डॉ. झाकिर हुसेन आले होते. वय चाळीस. बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतल्यावर त्यांनी बुडायला आलेली जामिया मिल्लिया हाती घेतली होती. ते आणि त्यांचे सहकारी यांनी वीस वर्षे जामियातच राहण्याची आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त पगार न घेण्याची शपथ घेतली होती. असा माणूस गांधीजींसमोर उभा राहून होला हो करणारा नव्हता. त्यांनी स्पष्ट सांगितले की कामातून शिकवणे ही कल्पना जगातल्या शिक्षणतज्ज्ञांना नवी नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुलांनी केलेल्या मालावर शाळेचा खर्च निघावा यावर फार भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेणारे मुकादम होतील, हा धोका त्यांनी भर सभेत दाखवून दिला.

तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, समितीचे अध्यक्षपद त्यांनाच दिले गेले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शाह, आशादेवी आणि आर्यनायकम् होते. आणखी एक मुस्लिम नाव होते ख्वाजा गुलामुस सैयदैन यांचे, म्हणजे पानिपतच्या मौलाना हालींच्या घराण्यातले, अलीगढला शिक्षक घडवणारे. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल तयार झाला. लोक त्याला वर्धा योजना म्हणतात, बुनियादी तालीम म्हणतात, नई तालीम म्हणतात. 'तालीम' हा आपला शब्द तिच्या नावातच बसला आहे.

या अहवालातले वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चकितच झाले. शाळा साडेपाच तास. त्यातले तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योग. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटे. मातृभाषा चाळीस मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान अर्धा तास. व्यायाम दहा मिनिटे, सुट्टी दहा मिनिटे. गणिताला एवढाच वेळ? मला वाटले, छापायला चुकले असेल. पण चूक नव्हती, कारण गणित त्या तीन तास वीस मिनिटांतच दडलेले होते.

ते कसे ते सुताच्याच उदाहरणाने बघा. चरख्याच्या हिशोबात चार फूट सूत म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे ६४० तार. आठ वर्षांच्या मुलाने टकळीवर आज ४५ तार कातले, काल ३८. लटी व्हायला किती उरले? या गतीने किती दिवस लागतील? वर्गातल्या वीस मुलांचे मिळून किती? मग कापूस किती लागला, वाया किती गेला, सूत मजबूत का नाही, काळ्या जमिनीतच कापूस का चांगला येतो, हा कापूस मँचेस्टरला का जात होता आणि तिथून कापड होऊन परत का येत होते. बेरीज, गुणाकार, शेती, भूगोल, इतिहास, सगळे एका टकळीच्या टोकाशी बांधलेले. याला त्यांनी समवाय म्हटले. शिक्षक चांगला असेल तर मुलाला गणिताचा तास कधी सुरू झाला हे कळतच नाही. (शिक्षक वाईट असेल तर फक्त टकळीच फिरते. ते पुढे झालेच.)

माझ्या दादीने बिनशाळेचे जे शिकले होते, तेच हे लोक शाळेत आणू पाहत होते. फरक एवढाच की त्यात वाचणे-लिहिणे असणार होते आणि मुलाला प्रश्न विचारायची मुभा असणार होती.

पाटीवरचे नाव

मग आपल्या लोकांनी विरोध का केला?

नागपूरची गोष्ट घ्या. त्याच काळात मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री, आणि १९३८ पासून मुख्यमंत्री, रविशंकर शुक्ल यांनी खेड्यांसाठी एक योजना काढली. गावाने जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि शिक्षकाचा पगार चालवायचा. कल्पना व्यवहाराची होती. नाव ठेवले 'विद्यामंदिर'. मुस्लिम प्रतिनिधींनी सांगितले की आमच्या मुलांच्या शाळेवर 'मंदिर' ही पाटी नको आणि उर्दूचे काय ते स्पष्ट करा. सरकारने ते वेळीच ऐकले असते तर पुढचे टळले असते असे मला वाटते. नाव बदलायला काय लागत होते? पण दोन्हीकडे हट्ट पेटला. मुस्लिम लीगच्या तक्रारींच्या यादीत विद्यामंदिर वरच्या क्रमांकावर गेले, नागपुरात आंदोलन झाले, आणि शेवटी १९३९ मध्ये उर्दू शाळांसाठी 'मदीनतुल इल्म' हे नाव पुढे आले. त्याच वर्षाच्या शेवटी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विद्यामंदिर राहिले नाही आणि मदीनतुल इल्मही रुजले नाही.

वर्धा योजना आणि विद्यामंदिर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, पण लोकांच्या मनात त्या एकच झाल्या. वर्धा योजनेबद्दलची तक्रार वेगळी होती. तिच्यात धार्मिक शिक्षणाला जागा नव्हती. ही काळजी मला खोटी वाटत नाही, आईबापांना ती वाटणारच. पण मुलांची मकतब तेव्हाही सकाळ-संध्याकाळ चालत होती आणि शाळेने ती बंद करायला सांगितले नव्हते. भाषेच्या बाबतीत तर अहवाल त्या काळाच्या मानाने मोकळा होता. मातृभाषेतून शिक्षण, आणि हिंदुस्तानी बोलणाऱ्या भागात मुलांनी आणि शिक्षकांनी नागरी आणि उर्दू दोन्ही लिप्या शिकाव्यात असे त्यात आहे. झाकिर साहेबांना मात्र आपल्याच लोकांचे बोलणे खूप ऐकावे लागले.

पण मोमिनपुऱ्यातल्या विरोधाचे एक कारण कोणत्याही अहवालात सापडणार नाही. ते मला माझ्या वालिदांकडून कळले. त्यांना एकदा मी नई तालीमबद्दल उत्साहाने सांगत होते. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कांड्या भरायला शाळेत कशाला पाठवायचं? ते तर घरीच होतं. माझ्या अम्मीने सहाव्या वर्षापासून तेच केलं. मी तुला शाळेत घातलं ते मागापासून सोडवायला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वालिदांचे म्हणणे आणि वर्ध्यातल्या सभेत झाकिर साहेबांनी दाखवलेला धोका एकच आहे. हातकाम शिक्षण कधी होते आणि मजुरी कधी होते? मी बराच विचार केला. दादीच्या कांड्या घराला हव्या होत्या. कांडी भरली गेली की काम झाले, दादीला त्यातून काय समजले याची कोणाला पडलेली नव्हती. शाळेत उलट हवे. कांडी वाकडी झाली, सूत तुटले तरी चालेल, पण का तुटले हे मुलाला कळले पाहिजे. जिथे माल महत्त्वाचा तिथे मूल मजूर. जिथे मूल महत्त्वाचे तिथे तुटलेले सूतही कामाचे. ज्या जमातीची मुले पिढ्यान्‌पिढ्या राबली, तिला हा फरक कोणीतरी समजावून सांगायला हवा होता. कोणी मोमिनपुऱ्यात येऊन तो सांगितला असता तर, असे मला राहून राहून वाटते.

आणि श्रीमंत, शिकलेल्या घरांनी तरी काय केले? बुनियादी शाळा गावातल्या गरिबांसाठी, आपली मुले इंग्रजी शाळेत. हे सगळ्या धर्मांच्या घरांत सारखेच झाले. स्वातंत्र्यानंतर शेकडो शाळांवर 'बुनियादी' पाटी लागली आणि आत नुसती टकळी फिरत राहिली. पुढे झाकिर साहेबांनीच त्या नावाखाली चाललेल्या प्रकारावर कडक टीका केली.

जामियातली बँक

झाकिर साहेबांना लहान मुलांची शाळा कशी हवी होती हे बघायचे तर अहवालापेक्षा जामियाची प्राथमिक शाळा बघावी. तिथे मुलांची स्वतःची बँक होती, मुलांचे दुकान होते. घरून आलेले पैसे बँकेत ठेवायचे, पासबुक भरायचे, दुकानात माल आणायचा, नफातोटा काढायचा. चुका मुलांनी करायच्या आणि मुलांनीच शोधायच्या. १९३३ च्या सुमारास गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची एक जर्मन ज्यू बाई जर्मनी सोडून तिथे आली. बर्लिनमध्ये झाकिर साहेब आणि त्यांच्या मित्रांशी तिची ओळख झाली होती. ती लहानग्यांची आपाजान झाली आणि १९४३ मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिली. तिची कबर जामियाच्याच कब्रस्तानात आहे.

एक प्रसंग झाकिर साहेबांच्या चरित्रांत येतो. प्राथमिक शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा कार्यक्रम होता आणि ते स्वतः वाटत होते. शिपाई आला आणि कानात म्हणाला की त्यांची चिमुकली मुलगी, रेहाना, गेली. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. नंतर लोकांनी विचारले, तुम्ही लगेच का उठला नाहीत? ते म्हणाले की मुले इतकी खुशीत होती, त्यांचा आनंद मोडावासा वाटला नाही. पुढे त्यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या तेव्हा लेखक म्हणून 'रुकैया रेहाना' असे नाव घातले. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांची गोष्ट आजही घराघरांत वाचली जाते. हेच गृहस्थ १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले, हे तर सगळ्यांना माहीत असते. मुलांच्या खाऊच्या ताटापाशी उभा असलेला हा माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नाही.

सेवाग्रामला नई तालीमचे काम आर्यनायकम् आणि आशादेवींनी चालवले. हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्ष झाकिर साहेबच होते. सुरुवातीला योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत ती सात वर्षांखालच्या बाळांपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला प्रौढांपर्यंत वाढवली गेली. लहानग्यांसाठी अंग स्वच्छ ठेवणे, अंगण झाडणे, पाणी भरणे, कापूस निवडणे, गाणी, गोष्टी हाच अभ्यासक्रम होता. अक्षरे नंतर. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला जे बालवाडीचे काम केले, तेही याच जातीचे होते. आदिवासी पाड्यातले खडे, शिंपले, बिया हेच त्यांचे शिक्षण-साहित्य.

सेवाग्रामची ती शाळा पुढे बंद पडली होती. २००५ मध्ये नई तालीम समितीने आश्रमाच्या परिसरातच 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा नव्याने सुरू केली. शेती-बागकाम, स्वयंपाक, सूतकताई, शिवण आणि सफाई हे तिथे अभ्यासक्रमाचे भाग आहेत, शनिवारचे कार्यानुभव नाहीत. भाजी लावणे, तिचा हिशोब ठेवणे, शिजवणे, यांतूनच विज्ञान आणि गणित येते. मुलगे पोळ्या लाटतात. आपल्या घरांतल्या मुलग्यांना यातले काय येते हे ज्याने त्याने आपापल्या घरात बघावे. नागपूरहून सेवाग्रामला जायला गाडीने तास-दीड तास लागतो. बापूकुटी बघायला जाल तेव्हा शेजारीच ही शाळा आहे.

आणि हे सगळे आता कायद्यातही आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाला कृतीतून, शोधातून, शक्य तिथवर मातृभाषेतून आणि भीती-दडपणाशिवाय शिकवावे असे लिहिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळ आणि कृतीवर भर आहे. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायला जाण्याची सूचनाही त्यात आहे. ज्यांच्या मागांना आपण मागासलेपण समजून बसलो, त्यांच्याकडे मुलांना शिकायला पाठवा असे आता सरकारी कागद सांगतो.

आपले घर, आपला रमजान

शाळा बदलेल तेव्हा बदलेल. घरात काय करता येते याचा अनुभव सांगते, उपदेश म्हणून घेऊ नका.

आमच्या घरांत समवायाला साहित्य कमी नाही. रमजान घ्या. चाँद दिसला का, हा प्रश्न लहानातले लहान मूल विचारते. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. माझ्या एका विद्यार्थ्याने तिसरीत विचारले होते, "बाई, अब्बा म्हणतात त्यांच्या लहानपणी रोजे थंडीत होते, मग आता उन्हाळ्यात कसे?" त्या एका प्रश्नावर मी आठवडाभर भूगोल शिकवला. इफ्तार आणि सहरीचे वेळापत्रक भिंतीला लावलेले असते. कालच्यापेक्षा आज इफ्तार किती मिनिटांनी पुढे गेला, हे पाचवीच्या मुलाला रोज काढू द्या. जकात चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच. शेकडेवारीचे यापेक्षा जिवंत उदाहरण कोणत्या पुस्तकात आहे? बकरी ईदला गोश्ताचे तीन हिस्से करतो तेव्हा तराजूपाशी सातवीतल्या मुलीला बसवा, अपूर्णांक तिला पुन्हा शिकवावे लागणार नाहीत. शीरखुर्म्याचे प्रमाण दहा माणसांचे माहीत असते आणि पाहुणे येतात तेवीस.

एक पथ्य मात्र पाळावे लागते आणि ते मलाच कठीण गेले. मूल चुकले की हातातून काम काढून घ्यायचे नाही. पीठ सांडेल, कांदा जाडा कापला जाईल, ईदच्या घाईत तर जीव वरखाली होतो. आणि उलट, मूल छान करायला लागले म्हणून ते काम रोजचे त्याच्या, बहुतेक वेळा तिच्या, गळ्यात घालायचे नाही. असे केले की आपण पुन्हा दादीच्या रहाटापाशी येऊन पोचतो.

भाषेचेही तसेच. घरात मराठी, थोडी उर्दू, थोडी हिंदी असे मिसळून बोलतो. त्याच बोलीत मुलाला प्रश्न पडतात. त्याच बोलीत उत्तर द्या. इंग्रजी येईल, यायलाच हवी, पण ज्या भाषेत मूल "का?" विचारते ती आधी पक्की होऊ द्या.

त्या फाटलेल्या वहीनंतर माझ्या अम्मीने, म्हणजे भाचीच्या दादीने, तिला कणकेचा गोळा दिला. तिने त्याचे साप केले, सापांचे आकडे केले. कणकेचा तीन बरोबर सुलट आला, कारण उलटा झाला की तिला तो हाताने फिरवता येत होता. भाभीने ते बघितले आणि काही बोलली नाही. चार दिवसांनी पालकसभा होती. भाभी मला सोबत घेऊन गेली. तिने बाईंना विचारले की लेखन या वर्षी थोडे कमी करता येईल का, तिची बोटे दुखतात.

बाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळे पडलेले, समोर चाळीस मुलांच्या वह्यांचा ढीग. त्या इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, मलाही तेच वाटतं. पण महिन्याअखेर वही भरलेली दिसली नाही की पालकच भांडायला येतात. तुम्ही असं लिहून द्याल का?"

भाभीने तिथेच बाकावर बसून लिहून दिले. मराठीत. खाली सही केली आणि मला म्हणाली, "फुफी, तुम्हीपण करा."